शाळेची सिस्टर आणि मुलांची तब्येत: सोलापूरच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरातल्या एका शाळेत परिचारिका आहे. जूनमध्ये शाळा भरली की डायरीतल्या चिठ्ठ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप आणि गेटवर थांबून विचारलेले प्रश्न सुरू होतात. त्यांतले बरेचसे मागच्या वर्षीही आलेले असतात, म्हणून ते इथे एकत्र केले. प्रश्न पालकांच्याच तोंडचे ठेवलेत. एकच गोष्ट दोनदा सांगण्यापेक्षा जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शाळेची सिस्टर म्हणजे डॉक्टरसारखीच ना? ती औषध लिहून देते का?

नाही. सिस्टर म्हणजे एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग यांपैकी नर्सिंगचा एखादा अभ्यासक्रम झालेली, नोंदणी असलेली परिचारिका. प्रथमोपचार करायचा, ताप, नाडी आणि श्वास पाहायचा, मूल वर्गात परत बसू शकतं की घरी न्यायला हवं की थेट दवाखान्यात, हे ठरवायचं आणि दमा, फीट, मधुमेह असलेल्या मुलांवर रोज लक्ष ठेवायचं, हे तिचं काम. निदान आणि नवीन औषध डॉक्टरांचं. "सिस्टर, काहीतरी गोळी देऊन बसवा" असा फोन येतो तेव्हा मला नाही म्हणावं लागतं ते यामुळेच.

२. आमच्या शाळेत सिस्टरच नाही. मग कुणाला विचारायचं?

बऱ्याच शाळांत नाही, हे खरं आहे. २०२० साली आयुष्मान भारतअंतर्गत शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात सरकारी शाळेतल्या दोन शिक्षकांना, एक पुरुष आणि एक महिला, आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देतात. तुमच्या शाळेत ते कोण आहेत, हे मुख्याध्यापकांना विचारून ठेवा. शहरात महापालिकेचं नागरी आरोग्य केंद्र, गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आणि आशाताई, आणि फोनवर सल्ल्यासाठी १०४. तातडीचं असेल तर १०८ ची रुग्णवाहिका, तिला पैसे लागत नाहीत.

३. शाळेत तपासणीला सरकारी गाडी येते ती कशाची? त्या दिवशी मुलाला पाठवलंच पाहिजे का?

ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. हा कार्यक्रम २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच, पालघरमधून सुरू झाला. पथकात दोन वैद्यकीय अधिकारी, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा ते येतात. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधली जन्मजात व्यंगं, कमतरतेचे आजार, इतर बालरोग आणि वाढीतला उशीर शोधणं हा त्याचा हेतू.

त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. हृदयात आवाज येणं, कान वाहून वाहून कमी ऐकू येणं, एका डोळ्याने कमी दिसणं या गोष्टी घरात सहसा कुणाच्या लक्षात येत नाहीत, कारण मुलाला तसंच असतं असं वाटत असतं आणि ते तक्रारच करत नाही. चुकून गैरहजर राहिलं तर पथक पुन्हा कुठे भेटेल, हे शाळेत विचारा. खासगी विनाअनुदानित शाळेत हे पथक नेहमी येत नाही, तिथे वर्षातून एकदा आपणच वजन, उंची, दात, डोळे आणि कान तपासून घ्या.

४. तपासणीच्या कागदावर 'संदर्भ सेवा' असं लिहून आलंय. म्हणजे काहीतरी मोठं आहे का?

लगेच तसं समजू नका. पथकाला शंका आली, पण खात्रीसाठी मोठी तपासणी लागेल, एवढाच त्याचा अर्थ. पण तो कागद दप्तरात पडून राहतो, दिवाळीची सुट्टी होते, आणि मग जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला गर्दी असते म्हणून जाणं राहतं. हे दर वर्षी होतं आणि मला फार वाईट वाटतं, कारण पुढचे उपचार, अगदी हृदयाची शस्त्रक्रियासुद्धा, या कार्यक्रमातून मोफत होऊ शकते. कागद घेऊन आठवड्याच्या आत सांगितलेल्या रुग्णालयात जा. सोबत आधार आणि रेशनकार्ड ठेवा, मुलाचा लसीकरणाचा कागदही असू द्या.

५. प्रवेशाच्या वेळी आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. त्यात फीट, दमा वगैरे लिहिलं तर प्रवेश नाकारतील, असं सासूबाई म्हणतात. काय करू?

लिहा. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

भीती कुठून येते ते मला कळतं. मुलगी असेल तर "उद्या लग्नाच्या वेळी निघेल" हेही मी ऐकलंय. पण न सांगितल्यावर काय होतं, तेही मी पाहिलंय. काही वर्षांपूर्वी दुसरीतला एक मुलगा प्रार्थनेच्या रांगेत कोसळला, हातपाय झटकू लागला. आम्हाला वाटलं उपाशीपोटी चक्कर आली. त्याला फीट येतात, औषध चालू आहे, आणि पाहुण्यांकडे गेल्यामुळे दोन दिवस गोळी चुकली आहे, हे आई आल्यावर कळलं. मूल सुखरूप राहिलं, पण सुरुवातीची ती मिनिटं आम्ही अंदाजावर काढली.

फॉर्ममध्ये हे सगळं यायला हवं: फीट, दमा, हृदयाचा आजार, मधुमेह, रक्ताचा आजार, कोणत्याही औषधाची किंवा अन्नाची अ‍ॅलर्जी, झालेली ऑपरेशनं, रोज चालू असलेली औषधं, चष्मा, कानाचं यंत्र. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी तर ठळक लिहा. आपल्याकडे शेंगाचटणी प्रत्येक डब्यात असते आणि मुलं डबा वाटून खातात. अशा मुलाच्या ओठांवर सूज, अंगावर गांधी आणि धाप एकदम आली तर क्षणही न दवडता १०८.

आणखी एक ओळ मी स्वतः मागून घेते: घरात कोणती भाषा बोलता? पहिलीतलं मूल घाबरलं की मराठी विसरतं. कुणी "कडुपु नोप्पि" म्हणतं, कुणी "होट्टे नोवु", कुणी "पेट दुखरा". तिघांचं पोटच दुखत असतं, पण माझ्या आधी वर्गशिक्षिकेला ते समजलं पाहिजे.

आजार आहे म्हणून शाळा मुलाला बाहेर ठेवू शकत नाही. फॉर्म कोण वाचतं, याचं उत्तर प्रश्न २० मध्ये आहे.

६. सकाळी थोडा ताप होता. तापाचं औषध देऊन शाळेत पाठवलं तर चालेल का?

नको. औषधाने ताप चार ते सहा तास खाली येतो, आजार तसाच राहतो. म्हणून असं मूल प्रार्थनेला बरं दिसतं आणि मधल्या सुट्टीनंतर माझ्या खोलीत कुडकुडत पडतं. तोवर त्याने बाकावरच्या दोघांना आजार दिलेला असतो.

थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर घरी ठेवा. औषध न देता पूर्ण २४ तास ताप आला नाही, मूल खाऊ-पिऊ लागलं, की पाठवा. पॅरासिटामॉलचा डोस वयावर नव्हे, वजनावर ठरतो: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलाला एका वेळी २०० ते ३००. दोन डोसांत किमान चार तासांचं अंतर, आणि दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. सिरपच्या बाटलीवर ५ मिलीत किती मिलिग्रॅम ते वाचा, कारण १२० ची आणि २५० ची बाटली दिसायला सारखीच असते. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका.

दोघंही कामावर जाणारे आहात, एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी, हे मला माहीत आहे. लूमवर किंवा विडी कारखान्यात असताना फोन घेता येत नाही, हेही. म्हणून शेजारचं किंवा नात्यातलं एक माणूस आधीच ठरवून त्याचं नाव आणि नंबर शाळेत लिहून द्या. नंबर बदलला तर त्याच दिवशी कळवा. बंद नंबर लावत बसण्यात आमची सगळ्यात मोलाची वेळ जाते.

७. कांजिण्या, गोवर, डोळे येणं, गालफुगी... कशात किती दिवस घरी ठेवायचं?

कांजिण्यांत शेवटच्या फोडावरही खपली धरेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर. गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस. गालफुगीत सूज आल्यापासून पाच दिवस. जुलाब-उलट्या थांबल्यावर एक पूर्ण दिवस. खरजेत डॉक्टरांनी दिलेलं मलम मानेपासून पायापर्यंत लावल्याच्या दुसऱ्या दिवशी मूल येऊ शकतं, मात्र घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायला हवं, नाहीतर ती फिरत राहते. डोळे आले असतील तर चिकट घाण येणं थांबेपर्यंत घरी. त्यात मेडिकलमधून मनाने घेतलेले थेंब घालू नका, काही थेंबांत स्टिरॉइड असतं. मध किंवा दूधही नको.

अंगावर उठलं की अनेक घरांत ते देवीचं मानतात, कडुनिंबाचा पाला ठेवतात. पाला ठेवा, कुणाच्या श्रद्धेच्या आड मी येत नाही. पण त्यापायी आंघोळ, पाणी, औषध आणि डॉक्टर बंद करू नका. गोवरात न्यूमोनिया होऊ शकतो, आणि त्यात डॉक्टर 'अ' जीवनसत्त्वाचा डोस देतात, तो महत्त्वाचा असतो.

८. दुपारचं औषध शाळेत द्याल का?

देऊ, पण तीन गोष्टी लागतात: डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, तुमच्या सहीचं पत्र, आणि मूळ पाकिटातलं औषध. कागदाच्या पुडीत बांधलेली अर्धी गोळी मी देऊ शकत नाही, ती कसली आहे हे मला कळायला मार्ग नसतो. दिवसातून दोन वेळाच औषध चालेल का, हे आधी डॉक्टरांना विचारा, बहुतेकदा चालतं. औषध मुलाच्या दप्तरात ठेवू नका. याला अपवाद एकच, दम्याचा पंप, तो प्रश्न १६ मध्ये.

९. शाळेत जंताची गोळी देतात. मागच्या वेळी पोट दुखलं. यंदा द्यायची का?

द्या. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची ही गोळी राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या मोहिमेत १ ते १९ वर्षांच्या मुलांना देतात. दोन वर्षांच्या आतल्यांना अर्धी. ती चावून खायची असते. पोटात जंत जास्त असतील तर ते मरताना थोडं दुखतं, मळमळतं, आणि काही तासांत थांबतं. त्या दिवशी ताप असेल किंवा दुसरं औषध चालू असेल तर आम्हाला कळवा, बरं झाल्यावर देऊ. घरी नुकतीच गोळी दिली असेल तर तेही सांगा.

१०. निळी गोळी कशाची? ती खाल्ल्यावर शी काळी होते म्हणून मुलगी टाकून देते.

ती लोहाची. १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून एक निळी गोळी देतात, त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. लहान मुलांची गोळी गुलाबी असते. शी काळी होणं हे लोहामुळेच आणि निरुपद्रवी. मळमळ बहुतेकदा उपाशीपोटी घेतल्याने होते, म्हणून आम्ही जेवणानंतर देतो.

आता खरा अडथळा. आपल्या घरांत मुलं सकाळी चहा-बटर खाऊन निघतात, आणि जेवणावर पुन्हा चहा. चहा लोहाला शोषू देत नाही. गोळीच्या आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा बंद केलात तर फरक पडेल. सोबत लिंबू, पेरू, आवळा असं आंबट असेल तर लोह जास्त शोषलं जातं. शेंगाचटणी आणि भाकरीवर लिंबू पिळून पाहा. आंबाडीची भाजी तेलुगू घरांत होतेच, मेथी, राजगिरा, हरभरा, मटकी हेही स्वस्त आहे. मांसाहार असेल तर कलेजी उत्तम.

मुलगी सारखी दमते, वर्गात डोकं टेकवून बसते, माती किंवा खडू खाते, पापणीची आतली बाजू पांढरट दिसते, तर आठवड्याच्या गोळीवर भागणार नाही. हिमोग्लोबिन तपासून घ्या.

११. उन्हाळ्यात मुलाचा घोळणा फुटतो. वर बघायला लावून डोक्यावर पाणी ओततो, तरी थांबत नाही.

वर बघायला लावू नका. रक्त घशात उतरतं, मूल ते गिळतं आणि उलटी होते. बसवा, मान थोडी पुढे झुकवा, नाकाचा खालचा मऊ भाग दोन बोटांत धरून सलग दहा मिनिटं दाबा आणि तोंडाने श्वास घ्यायला सांगा. मध्येच सोडून थांबलं का ते बघू नका, घड्याळ लावा. कांदा हुंगवण्याची गरज नाही. दोनदा दहा-दहा मिनिटं दाबूनही थांबलं नाही, डोक्याला मार लागून आलं, किंवा हिरड्यांतूनही येतंय, अंगावर निळे-लाल डाग आहेत, तर दवाखाना.

सोलापूरच्या कोरड्या उन्हाने नाकाची आतली त्वचा सुकते, मुलं बोट घालतात, आणि रक्त येतं. रात्री नाकपुडीच्या आत बोटाने खोबरेल किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा.

१२. एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते, तरी मूल दुपारी येऊन आडवं होतं. ऊन लागलंय हे कसं ओळखायचं?

पारा ४० च्या वर असताना साडेअकरा-बाराला घरी चालत येणं सोपं नाही. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, खूप घाम, पायात गोळे: सावलीत आणा, कपडे सैल करा, अंग ओल्या फडक्याने पुसा, ओआरएस किंवा मीठ-साखर-पाणी घोट घोट द्या. ओआरएसचं पाकीट अर्धं-अर्धं करून वापरू नका, त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण टाका. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. मेडिकलमधली गोड, फळांच्या चवीची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

अंग तापलेलं आहे आणि मूल असंबद्ध बोलतंय, ओळखत नाही, किंवा झटके येतायत, तर तो उष्माघात. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी टाकून वारा घालत राहा. शुद्ध हरपलेल्याला पाणी पाजू नका.

१३. शाळेतून डेंगीचं पत्रक आलं. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, साठवलेलं पाणी फेकून कसं द्यायचं?

फेकू नका. उजनी धरणाचं पाणी किती दिवसांनी येईल याचा भरवसा नसताना 'भांडी रिकामी करा' हा सल्ला कुणी पाळणार नाही. त्याऐवजी असं करा. बॅरल आणि हौदाच्या तोंडावर जुनं धोतर किंवा साडीचं फडकं ताणून दोरीने घट्ट बांधा. पाणी सुटायच्या आदल्या दिवशी तळाला थोडंच उरलेलं असतं, तेव्हा ते भांडं आतून काथ्याने घासा. डास भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवतो आणि ती कोरडी पडूनही महिनोन् महिने जगतात, त्यामुळे नुसतं रिकामं करून भागत नाही. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून प्रत्येक भांड्याची पाळी आठवड्यातून एकदा यायला हवी. कूलरची टाकी, गच्चीवरचे टायर आणि फ्रिजच्या मागचा ट्रे विसरू नका. हा डास दिवसा चावतो, तेव्हा शाळेत येताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

डेंगीत ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात, आणि धोक्याचा काळ नेमका तेव्हाच सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, रक्तस्राव, गुंगी यांपैकी काही दिसलं तर रात्र असली तरी निघा. तापाला फक्त पॅरासिटामॉल, ब्रूफेन नको.

१४. मुलीच्या डोक्यात उवा झाल्या म्हणून वर्गात वेगळं बसवलं. हे बरोबर आहे का?

नाही. उवा म्हणजे अस्वच्छता नव्हे, डोक्याला डोकं लागलं की त्या चालत जातात, उड्या मारत नाहीत. पर्मेथ्रिन १ टक्का असलेलं लोशन दहा मिनिटं लावून धुवा, ओल्या केसांतून बारीक फणी फिरवा, आणि ७ ते १० दिवसांनी पुन्हा एकदा हेच करा, कारण लिखा पहिल्या वेळी मरत नाहीत. घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी बघा. रॉकेल लावू नका. त्वचा भाजते, आणि चुलीजवळ जीवघेणं ठरू शकतं. मुलीला वेगळं बसवलं असेल तर माझ्याकडे किंवा मुख्याध्यापकांकडे या, तो तिच्या मनाला लागणारा विषय आहे.

१५. मुलाला फीट आली तर चप्पल हुंगवायची ना?

नाही. चप्पल नको, कांदा नको, दातांत चमचा नको, तोंडात पाणी नको, हातपाय दाबून धरणं नको. आजूबाजूचं टोकदार सामान बाजूला करा, मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा आणि घड्याळ बघा. बहुतेक फीट दोन-तीन मिनिटांत थांबते. पाच मिनिटांहून जास्त चालली, लागोपाठ दुसरी आली, किंवा ही पहिलीच आहे, तर १०८. शक्य असेल तर कुणीतरी मोबाइलवर थोडं चित्रण करावं, फक्त डॉक्टरांना दाखवण्यासाठी. औषध बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका.

१६. दमा आणि मधुमेह असलेल्या मुलांसाठी शाळेत काय लागतं?

दमा असेल तर निळा पंप मुलाच्या दप्तरातच असू द्या, कपाटात कुलूपबंद नको. त्यावर नाव आणि संपण्याची तारीख लिहा, आणि स्पेसर, म्हणजे पंपाला लावायची नळी, सोबत द्या. 'पंपाची सवय लागते' ही समजूत चुकीची आहे. औषध थेट फुप्फुसात जातं म्हणून ते गोळीपेक्षा कमी मात्रेत पुरतं.

टाइप १ मधुमेहाच्या मुलाला इन्सुलिन लागतंच, त्याला काढे किंवा पथ्य हा पर्याय नाही. थरथर, घाम, चिडचिड, गोंधळलेलं बोलणं ही साखर उतरल्याची खूण. शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून लगेच, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही नको, १०८. वर्गशिक्षकांना, पीटीच्या सरांना आणि रिक्षावाल्या काकांना हे माहीत असायला हवं. परीक्षेत खाऊ आणि ग्लुकोमीटर, म्हणजे साखर मोजायचं यंत्र, जवळ ठेवायचं असेल तर डॉक्टरांचं पत्र जोडून मुख्याध्यापकांकडे आधीच लेखी अर्ज द्या, दहावीच्या वर्षी तर शाळा उघडताच.

१७. मुलीला चौथीतच पाळी आली. आणि मोठीची तीन-तीन महिने येत नाही. दोन्हीची काळजी वाटते.

नऊ-दहाव्या वर्षी पाळी येणं हल्ली विरळ नाही. आठ वर्षांच्या आत छातीची वाढ सुरू झाली असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत पाळी २१ ते ४५ दिवसांत कधीही येऊ शकते. तीन महिने चुकली, सात दिवसांहून जास्त चालली, तास-दोन तासाला पॅड भिजतोय, किंवा १५ व्या वर्षापर्यंत आलीच नाही, तर तपासणी हवी.

दुखतं म्हणून दर महिन्याला शाळा बुडत असेल तर 'बायकांचं असंच असतं' म्हणून सोडून देऊ नका, त्यावर उपचार आहेत. मुलीच्या दप्तरात एक पॅड आणि जुन्या वर्तमानपत्राचा कागद ठेवा. कापड वापरत असाल तर ते उन्हात वाळवा, कपाटामागे नको. आणि कावळा शिवला वगैरे न सांगता तिला खरं सांगा, शक्यतो पहिली पाळी यायच्या आधी. ज्या मुली काहीच माहीत नसताना माझ्याकडे येतात त्यांना वाटतं आपल्याला काहीतरी मोठा रोग झालाय. तो चेहरा मला बघवत नाही.

१८. कुत्र्याचा नुसता दात लागलाय, रक्त नाही. इंजेक्शन लागेल का?

ओरखडा असेल तरी लागेल. आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट लावू नका, पट्टी बांधू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, लस तिथे मोफत मिळते. कातडीतून देण्याच्या पद्धतीत ती ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं इंजेक्शनही लागतं. मुलं मार बसेल म्हणून सांगत नाहीत, त्यामुळे चावल्याचं सांगणाऱ्या मुलावर ओरडू नका.

१९. आम्ही घरीच विड्या वळतो. मुलं शेजारीच बसून अभ्यास करतात. काही होतं का?

तंबाखूची धूळ नाकातोंडात आणि कातडीवर जाते, त्याने खोकला, शिंका, डोळ्यांची आग, मळमळ होते, आणि दमा असलेल्या मुलाचा दमा वाढतो. घर एका खोलीचं असतं, पोट त्यावर चालतं, तेव्हा 'बंद करा' असं मी म्हणणार नाही. पण सूप दाराजवळ किंवा ओट्यावर घ्या, मुलांची जागा वाऱ्याच्या उलट बाजूला ठेवा, झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा, पानं-तंबाखू झोपायच्या जागेपासून दूर ठेवा, आणि हात धुऊनच मुलाला भरवा. मुलांना विड्या बांधायला बसवू नका.

मिश्री दातांना लावणं ही तंबाखूच आहे. ती आजीकडून नातीकडे जाते. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि १८ वर्षांखालच्याला कुठेही विकता येत नाही. गेटजवळ टपरी असेल तर पालक सभेत लेखी मांडा.

२०. मुलाने तुम्हाला सांगितलेलं तुम्ही सगळ्यांना सांगता का? आणि दर सोमवारी पोट दुखतं म्हणतो, त्याचं काय?

आधी पोटाचं. आठवड्याच्या सुरुवातीला किंवा ठरावीक तासालाच दुखत असेल, सुट्टीत थांबत असेल, तर तो खोटं बोलत नाही, ताण पोटात उतरतो. रागवण्याऐवजी त्या तासाला काय होतं ते विचारा. वजन कमी होत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल किंवा शीतून रक्त येत असेल तर मात्र ते मनाचं समजू नका, डॉक्टर गाठा. मनावरच्या ताणासाठी १४४१६ ही टेलिमानसची मोफत सेवा आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

आता गुपिताचं. आरोग्याचा फॉर्म माझ्या कपाटात कुलपात असतो. वर्गशिक्षकांना त्यातलं तेवढंच सांगते जेवढं मुलाच्या सुरक्षिततेला लागतं. घरात कुणाला टीबी आहे, एचआयव्ही आहे, हे वर्गाला किंवा इतर पालकांना कळत नाही. टीबीचं औषध सुरू होऊन साधारण दोन आठवडे झाले आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की मूल शाळेत येऊ शकतं. त्याचा उपचार मोफत आहे, आणि आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये खात्यात जमा होतात. कुणाच्या घरी टीबी असेल तर बरोबर राहणाऱ्या मुलांचीही तपासणी करून घ्या, त्यांना आधीच औषध देऊन आजार टाळता येतो.

एका बाबतीत मात्र मी गुपित ठेवू शकत नाही. कुणी मुलाला नको तिथे हात लावला, लैंगिक त्रास दिला, असं मूल मला म्हणालं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मला ते पोलिसांना कळवावंच लागतं, त्रास देणारा घरातला असला तरी, पालकांनी नको म्हटलं तरी. हे मी मुलालाही समजेल अशा शब्दांत आधी सांगते. तुम्हाला असा संशय आला तर रात्रंदिवस चालू असलेल्या १०९८ वर फोन करा, किंवा सकाळी शाळा भरायच्या आधी माझ्या खोलीत या. सातला मी तिथे असते.